धावड्याहून आणलेलं घर

माघ लागला की जालना-भोकरदन रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून तुराट्या दिसायला लागतात. शेंगा झोडून झाल्यावर उरलेल्या काड्यांच्या पेंढ्या बांधाला टेकवून उभ्या केलेल्या असतात. पूर्वी बांधोबांध दिसायच्या. आता मळणीच्या मशीनमधून तूर निघते आणि काडीचा भुगा होऊन जातो. ज्यानं अजून हातानं झोडली असेल, त्याच्याच शेतात सबंध तुराटी सापडते. मी खिडकीशी बसून अशी शेतं शोधत जाते. पंधरवड्यामागं राजूरच्या पुढे माझ्या शेजारच्या बाईला राहवलं नाही.

"काय पाहून राह्यल्या बाई मघापासून?"

"तुराट्या."

"जाळायला पाह्यजे का?"

"न्हाई. कुडाला."

तिनं माझ्या साडीकडं, खांद्यावरच्या पर्सकडं पाहिलं. "आता कोण कूड घालतंय?" ती म्हणाली आणि मोबाइल काढून बसली. मीही पुन्हा बाहेर पाहू लागले. तिला काय सांगणार होते? कुडाचं एक घर माझ्या नावावर लागलंय, आणि त्यात मी एक दिवसही राहू शकत नाही, हे बसमधल्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

ते घर आबांचं, माझ्या वडिलांचं. धावडा गावाच्या बाहेर, डोंगराकडच्या उतारावर आमची वस्ती. आम्ही धनगर. माझ्या पणज्यापर्यंतची माणसं वर्षातले आठ महिने मेंढरांमागं फिरायची आणि पावसाळ्यात या उतारावर येऊन थांबायची. पुढं थांबणं वाढत गेलं, फिरणं कमी होत गेलं, आणि थांबायला बांधलेली सपारंच आमची घरं झाली. सपार म्हणजे गवती छपराचं, कुडाच्या भिंतींचं घर. बाभळीच्या दुबेळक्याच्या मेढी, म्हणजे वर फाटा असलेले खांब, जमिनीत रोवायच्या, त्यांच्यावर आडं, माथ्याचं आडवं लाकूड, ठेवायचं, वासे टाकून गवत शाकारायचं. भिंतीला तुराट्या उभ्या लावून अंबाडीच्या दोरीनं आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायच्या. दर दोन-तीन वर्षांनी माघात कूड बदलावा लागे. माझ्या लहानपणीचा माघ म्हणजे आबांनी तुराट्या निवडायचा महिना. ते एकेक काडी हातात धरून वाकवत. मोडली तर चुलीकडं फेकत, वाकली तर कुडाच्या ढिगात ठेवत. मी आणि माझा धाकटा भाऊ संतोष दिवसभर त्यांच्यासमोर बसून असू. हाताला तुरीचा चिकट वास लागे आणि तो जेवताना भाकरीलाही येई.

दार छातीएवढं. बाहेरचा कितीही मोठा माणूस असो, वाकूनच आत यायचा. आत डाव्या हाताला गुडघ्याएवढ्या भिंतीचा एक कोपरा होता, नव्या जन्मलेल्या कोकरांसाठी. थंडीच्या दिवसांत कोकरं आणि आम्ही एकाच चुलीच्या उबेला झोपायचो. आबांच्या उशाशी कुडात मूठभर भोक ठेवलेलं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या त्यातून मेंढरांचा वाडा दिसायचा. शहरात आल्यावर मी कितीतरी घरं पाहिली. निजलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची मोजून केलेली खिडकी पुन्हा कुठं दिसली नाही.

मी शिकले, मास्तरीण झाले. लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं. तेव्हापासून जालन्यात मस्तगडला एका दुकानाच्या वरच्या खोलीत एकटी राहते. खाली दिवसभर शटरांचा, हातगाड्यांचा गलका असतो. कुणी माझ्याशी वाईट वागत नाही. सणावाराला मालकीणबाई ताट पाठवतात. पण रविवारी सकाळी उठल्यावर, आज आपल्याला कुणाशी बोलायचं कारणच नाही हे लक्षात येतं, तेव्हा ती खोली फार मोठी होते.

पाच वर्षांपूर्वीचा माघ. वस्तीवरची बारा सपारं जाऊन बारा पक्की घरं होत आली होती. आमचं तेवढं राहिलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मेंढरंही आबांनी विकून टाकली होती, कारण चरायला रान उरलं नव्हतं. संतोषला घरकुल मंजूर झालं होतं आणि नावावर जागा तेवढीच, सपाराखालची. घर पाडल्याशिवाय घर होणार नव्हतं.

मला इथं संतोषची बाजू मांडलीच पाहिजे. मागच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोच्या, मनीषाच्या पुढ्यात छपरातून साप पडला होता. त्याची मुलगी दहावीला होती आणि मैत्रिणींना घर दाखवायला लाजत होती. "ताई, तू वर्षातून चारदा येती अन् म्हणती कसं गार वाटतं," तो मला म्हणाला होता. "इथं बारा महिने राहून बघ."  

त्याच महिन्यात जालन्यात शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. तिथं एका शिक्षणसंस्थेच्या देसाई मॅडम आल्या होत्या. त्या वास्तुरचना शिकवत. पडद्यावर त्यांनी जुन्या घरांची चित्रं दाखवली, गोरमाटी तांड्यावरची, भिल्लांची, धनगरांची. म्हणाल्या, "मराठवाड्यातली ही घरं संपत चालली आहेत. आमच्या आवारात आम्ही अशी काही जपून ठेवणार आहोत. धनगराचं एखादं घर अजून उभं आहे का, कुणाला माहीत आहे?"

मी हात वर केला. साऱ्या सभागृहानं माझ्याकडं पाहिलं. ज्या घराचा पत्ता मी कॉलेजात असताना कुणाला सांगितला नव्हता, त्याच्यासाठी मी हात वर केला होता, आणि मला फार अभिमान वाटत होता.

मॅडम धावड्याला आल्या. टेप लावून मापं घेऊ लागल्या. आबा मजेनं बघत होते. "टेप कशाला? हात हाय नं," म्हणून त्यांनी कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत मेढींमधलं अंतर मोजून दाखवलं.

"आबा, हे घर किती जुनं आहे?" मॅडमनी विचारलं.

आबा विचारात पडले. "जुनं काय हाय यातलं? कूड दोन सालामागचा. गवत तीन सालाचं. आडं या पोरीच्या, सुमनच्या जन्माच्या वक्ताला बदललं. मेढी तेवढ्या माह्या बापाच्या हातच्या. आता तुमीच लावा हिशेब."

मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की घर इथून सुटं करून नेऊ, जसंच्या तसं तिथं उभं करू, नीट सांभाळू.

"अन् तिथं राहणार कोण?"

"राहणार कुणी नाही. लोक बघायला येतील."

आबांनी माझ्याकडं पाहिलं.  मी म्हणाले, "आबा, न्हाई तरी पाडायचंच हाय. तिथं निदान राहील."

"तू म्हणतीस तं बराबरच असंल," ते म्हणाले. या वाक्यावर मी पाच वर्षं विचार करते आहे. त्यात कुठंही राग नव्हता.

एका सकाळी मॅडमच्या विद्यार्थ्यांनी मेढींवर, वाशांवर लाल रंगानं आकडे घातले आणि गवत उतरवायला घेतलं. छप्पर उघडं झालं तसं ऊन सरळ जमिनीवर पडलं. त्या जमिनीवर तसं ऊन कधी पडलं नव्हतं. चूल, कोकरांचा कोपरा, आबांची जागा, सगळं एकाएकी इतकं लहान दिसू लागलं की आपण चार माणसं आणि दहा-बारा कोकरं इथं मावलो कशी, असा मला प्रश्न पडला. वासे धुरानं काळे कुळकुळीत झाले होते. एका मुलीनं हात लावला आणि तळवा काळा झाला म्हणून ती हसली.

मग कूड सोडवायला घेतले. चुलीमागचा कूड तेवढा आबांनी कित्येक वर्षांत बदलला नव्हता. फक्त वरून लिंपत आले होते. पहार लागताच लिंपणाचे पापुद्रे एकावर एक सुटू लागले, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे. खालून एक थर निघाला, त्यावर बोटांचे अर्धगोल उठले होते, एकात एक गुंतलेले. आबा सरळ रेघा ओढत लिंपायचे. अर्धगोल आईचे.

"थांबा," आबा म्हणाले. सगळे थांबले. आबांनी त्या ठशांवर आपली बोटं ठेवून पाहिली. त्यांची बोटं जाड, ती त्या रेघांत बसेनात. मग त्यांनी मला बोलावलं. "तू ठिव." मी ठेवली. माझी बसली.

तो तुकडा आबांनी घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतला. घर जालन्याला नेणारा टेम्पो संतोषच चालवत होता. तो मालवाहतुकीचाच धंदा करतो.  सिल्लोड फाट्याशी संतोष एकदम म्हणाला, "आबा, मला वाईट न्हाई वाटत असं समजू नका." आबा म्हणाले, "गाडी बघ. खड्डा हाय." मस्तगडला पोहोचून घोंगडी उघडली तेव्हा आत नुसती माती होती. आबांनी ती फेकली नाही. दुसऱ्या दिवशी नव्या लिंपणाच्या काल्यात मिसळून टाकली.

पुढचे तीन आठवडे आबा माझ्या खोलीवर राहिले. रोज सकाळी रिक्षानं त्या संस्थेच्या आवारात जायचे, शाळा सुटली की मीही जायची. आबा मेढीला टेकून उभे असायचे आणि विद्यार्थ्यांवर ओरडत असायचे. "अरे, आवळून बांध! बिलकुल ढिली न्हाई पाह्यजे. वारा काय तुह्या डिग्रीला भेणार हाय का?" पोरी त्यांच्यासाठी डब्यात काहीबाही आणायच्या. त्यांच्या हातांचे, गाठींचे फोटो काढायच्या. आयुष्यात कुणी आबांना काही शिकवा म्हटलं नव्हतं. संध्याकाळी खोलीवर मी भाकरी टाकायची आणि ते बोलत बसायचे. कोणत्या साली कुठल्या रानात मुक्काम केला, कोणत्या पाटलानं शेतात खतासाठी मेंढरं बसवायला गूळ दिला, आई पहिल्यांदा वस्तीवर आली तेव्हा दाराला कपाळ कसं आपटलं. खोली तेव्हा लहान वाटायची, दोघांना जेमतेम पुरणारी. ते परत जाऊच नयेत असं वाटायचं. पण घर उभं राहत होतं, आणि घर पूर्ण झालं की ते जाणार होते.

उद्घाटनाला आबांना शाल-नारळ मिळाला. दारासमोर पाटी लावली होती. आबांना वाचता येत नाही. म्हणाले, "काय लिव्हलंय?"

"धनगर समाजाचे पारंपरिक घर."

"समाजाचं?" ते म्हणाले. "मंग माझं न्हाई का?"

"तुमचंच हाय, आबा. पण असंच लिहायचं असतं."

दारात दोरी आडवी बांधली होती. वाकून आत जायची सवय असलेला माणूस दोरीशी सरळ उभा राहिला.

धावड्याला संतोषचं घर झालं. चांगलं झालं, खरंच सांगते. फरशी, पंखा, मुलीला अभ्यासाला खोली. आबांना स्वतंत्र पलंग. मी गेले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. "आत काहून बसत न्हाई?" मी विचारलं.

"आत खोकलो का माझा खोकला मलाच परत ऐकू येतो," ते म्हणाले. "भिंत काई घेतच न्हाई."

दिवाळी झाल्यावर ते एकटेच बसनं जालन्याला आले आणि म्हणाले, घर पाहू. आम्ही गेलो. दोरीपाशी उभं राहून त्यांनी आत डोकावलं नाही, नुसता वास घेतला. मग वाकून खालचा कूड बोटानं दाबला. बोट आत गेलं. वाळवी लागली होती. पाऊस पिऊन गवत काळं पडलं होतं, जमीन भेगाळली होती.

"चूल पेटली न्हाई हितं," आबा म्हणाले. "धूर न्हाई तं वाळवी येणारच. धुरानंच सपार टिकतं. चल, काटक्या आण."

मी काटक्या वेचायला वळले तोवर रखवालदार आला. तो भला माणूस होता. "बाबा, आत जायचं न्हाई. इस्तू तं बिलकुल न्हाई. माझी नौकरी जाईल."

"अरे, मीच बांधलंय हे."

"असंल बाबा. पण मला सांगितलंय कुणाला सोडू नको."

मॅडमला फोन केला. त्या आल्या. वाळवीसाठी औषध फवारायचं ठरलंय, म्हणाल्या. आवारात आग पेटवायला संस्थेची परवानगी नाही. आबा ऐकत राहिले, मग हळूच म्हणाले, "पोरी, औषीध एक डाव मारशील. घराला रोजचं लागतं."

 त्या बाईनं ते ऐकलं. तिनं अर्ज केले, बैठकांत भांडली, लोकांनी हसून घेतलं तरी पुन्हा भांडली. परवानगी मिळायला आठ महिने लागले. महिन्यातून एक रविवार, दोन तास, बाजूला वाळूच्या बादल्या, आणि एक जबाबदार व्यक्ती हजर. त्या कागदावर आबांचं नाव होतं. तो कागद आला तेव्हा आबांना जाऊन बारा दिवस झाले होते. आषाढात, ओट्यावर बसल्या जागी गेले. संतोष सांगतो, त्यांचं तोंड वाड्याच्या बाजूला होतं. वाडा तिथं कधीचाच नव्हता.

मी कागद घेऊन मॅडमकडं गेले. त्यांनी नाव खोडून माझं घातलं.

तेव्हापासून महिन्याच्या एका रविवारी मला काम असतं. दुपारी मी मस्तगडहून निघते, शेण आणि काटक्या पिशवीत घेऊन. पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हा धुरानं घुसमटून मी दोनदा बाहेर पळाले. आता येतं. जमीन सारवते, भेगा बुजवते. हात आपसूक अर्धगोल फिरतो. रखवालदार दोरी सोडून देतो आणि लांब झाडाखाली बसतो. विद्यार्थी येतात, फोटो काढतात. कुणीतरी मला विचारलं होतं, तुम्ही इथं नोकरीला आहात का? मी हो म्हणाले. सोपं पडलं.

कधी वाटतं, मी घर वाचवलं. कधी वाटतं, मी आबांकडून त्यांचं घर त्यांच्या जिवंतपणी काढून घेतलं, आणि तेही असं की त्यांना रागावताही येऊ नये. पाडलंच असतं, तर ते एकदा रडले असते आणि मोकळे झाले असते. आता ते उभं आहे. मी आहे म्हणून उभं आहे. माझ्यामागं कोण काटक्या आणणार? संतोषच्या मुलीला मी एकदा विचारलं. ती नर्सिंग शिकतेय. "आत्या, धुराचा मला त्रास होतो," ती म्हणाली. तिचं खरं आहे.

यंदा मागचा कूड बदलायला झालाय. म्हणून या तुराट्या. भोकरदनजवळ एका म्हाताऱ्यानं हातानं झोडलेली तूर सापडली. संतोषनं पेंढ्या टेम्पोत घातल्या, आवारात आणून उतरवल्या. चहाला थांबला नाही. पण निघताना एक काडी उचलून त्यानं वाकवून पाहिली. वाकली. ढिगात ठेवून गेला.

गेल्या रविवारी मी एकटीच चुलीपुढं बसून पेंढ्या निवडत होते. दुपार कलती झाली होती. बाहेर एक म्हातारी आणि तिचा मुलगा आले. म्हातारीच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, नुकतंच ऑपरेशन झालेलं. नातू तिथं शिकायला होता, त्याला भेटून निघालेले असावेत. मुलगा पाटी वाचत उभा राहिला. म्हातारीनं पाटीकडं पाहिलंच नाही. चपला काढल्या, कुणी न सांगता वाकली आणि आत आली. चुलीसमोर बसून तिनं दोन्ही हात इस्तवापुढं धरले.

"आई, बाहेर ये," मुलगा म्हणाला. "हे बघायचं घर हाय, राहायचं न्हाई."

तिनं ऐकलं नाही. तिचा उघडा डोळा सगळीकडं फिरून आला. मेढीवर, आड्यावर, कोकरांच्या कोपऱ्यावर. कोपऱ्यापाशी तो थांबला.

"कोकरं कुढं हाईत वं?" तिनं विचारलं.

माझ्या हातात काडी होती. मला खरं सांगता आलं असतं.

"मायांसंगं रानात गेलेत," मी म्हणाले.

"अन् घरधनी?"

"मेंढरांमागंच हाईत."

"मंग येतीलच आता, दिस कलला," ती म्हणाली. मांडी घालून नीट बसली, पदर सावरला, आणि माझ्या पुढ्यातली अर्धी पेंढी आपल्याकडं ओढून एकेक काडी वाकवून पाहू लागली.

तिचा मुलगा दाराबाहेर तिच्या चपला हातात घेऊन उभा होता. मी त्याला हातानंच खुणावलं, थांबा जरा. आणि सरकून तिला चुलीजवळ जागा करून दिली.